वाघमारे साहेबांचं भ्या

नागोराव वाघमारे हे नाव ऐकून डोळ्यांपुढे भरघोस मिशा आल्या असतील तर त्या आधी पुसून टाका. साहेबांना मिशा नव्हत्या. मिशी कोरायची म्हणजे पात्याचं टोक नाकाखाली नेऊन कसरत करायची, त्यापेक्षा सरसकट सफा केलेली बरी, असं त्यांचं मत. वाघ तर सोडाच, गल्लीतलं कुत्रं आडवं आलं तरी ते सायकलवरून उतरून त्याला वाट देत. इतका घाबरणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं मला कोणी घाबरवलंही नाही. सकाळी कुकरची शिट्टी जरा लांबली की आजही मी अंथरुणात उठून बसतो. बायको आतून ओरडते, "झोपा, भात हाय. तुमचे साहेब न्हाईत आत."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कालपर्यंत उस्मानाबादकडे तोंड करून अर्ज लिहिणारं गाव एकदम कलेक्टरवालं झालं. रोज नवी कचेरी, नवे क्वार्टर, नवी कॉलनी, आणि प्रत्येक न्हाणीला तोटी हवी. आमचा कारखाना पितळी तोट्यांचा. एमआयडीसीच्या टोकाला एक पत्र्याचं शेड, त्यात एक भट्टी, एक प्रेस आणि आम्ही दहाबारा माणसं. मागणी अशी की मान वर करायला सवड नाही. आणि नेमकं त्याच सुमाराला पावसाने पाठ फिरवली, पुढच्या सालीही फिरवलेलीच ठेवली. रेणापूरकडून येणारे कामगार सांगायचे, विहिरीत पोहरा टाकला की टणत्कार ऐकू येतो. सगळ्या नव्या जिल्ह्याला आम्ही तोट्या पुरवत होतो, आणि त्या तोट्या सोडल्या की त्यातून 'फुस्स' असा जिल्ह्याचा सुस्कारा तेवढा बाहेर यायचा.

आमचं काम आधी सांगतो, कारण सगळं भ्या त्यातच होतं. पितळेचे तुकडे भट्टीत लाल करायचे. लाल तुकडा चिमट्याने उचलून प्रेसमधल्या खालच्या डायवर ठेवायचा. डाय म्हणजे पोलादी ठसा, तोटीच्या आकाराचा पोकळ साचा. खटका ओढला की वरची डाय धाडकन खाली येते, तुकडा चिरडतो, आणि उघडून बघावं तर आत तोटी. पण दिवसभर लाल तुकडे पोटात घेऊन डाय स्वतःच तापते. फार तापली की पोलाद मऊ पडतं, साचा बसतो, तोटीचं नाक फेंदारतं. फार थंड ठेवली तर लाल तुकडा टेकताच तडकते. म्हणून डायच्या पोटात भोकं पाडून त्यातून पाणी खेळवायचं, बेताबेताने. ती भोकं कुठून कुठे न्यायची, केवढी ठेवायची, साच्यापासून किती लांब ठेवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे वाघमारे साहेब.

"इस्तव वर हाय," तळहात पालथा धरून ते नव्या माणसाला सांगत. "पाणी खाली हाय. मधी बोटभर लोखंड. आता ह्या बोटाला चीर गेली समजा. पाणी पाझरलं, साच्यात थेंबभर बसलं. त्याच्यावर गफूरनं लाल तुकडा ठिवला आन खटका ओढला. थेंबाची झाली वाफ. वाफेला जागा लागती. वर लोखंड, खाली लोखंड. मग ती निघंल कुठून?"

एवढं बोलून ते थांबत आणि समोरच्याच्या छातीकडे बघत. ऐकणारा आपोआप शर्टाचं बटण लावायचा.

गफूरभाई म्हणजे आमचा प्रेसवाला. तुकडा ठेवणारा तो, खटका ओढणारा तो, आणि त्या वाफेच्या वाटेवर दिवसभर उभा राहणाराही तोच. पितळेचं काम त्याच्या घराण्यात कैक पिढ्यांचं, लातूर सोडून बाहेर राहायचं माहीत नाही. प्रेसच्या धडाक्याने त्याचे कान जवळजवळ गेलेले, पण ते कबूल नव्हतं. "मेरेकू सब सुनाई देता साब, लोगांच धीरे बोलते." साहेबांच्या सगळ्या भीतीला एकच पत्ता होता, आणि तो गफूरभाईचा होता.

माझी आणि साहेबांची पहिली गाठ मुलाखतीत पडली. नांदेडला डिप्लोमा केलेला, दोन ठिकाणी नोकरी करून दोन्हीकडून निघालेला, लग्न झालेला, एका लेकराचा बाप असा मी खुर्चीच्या काठावर बसलेलो. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. म्हणाले, "कशाला भेता?"

मला वाटलं, नोकरीचा प्रश्न आहे, उत्तर धडाडीचं हवं. "कशालाच नाही, सर."

"भयं लेदा?" ते दचकून मागे सरले. "मग घरी जा. इथं तुमचं काम न्हाई."

साहेब देगलूरचे. त्यांची आई सीमेपलीकडची, तेलुगू बोलणारी. हिशेब मराठीत, शिव्या उर्दूत आणि काळजी तेलुगूत, अशी त्या घराची वाटणी होती. 'भयं लेदा?' म्हणजे भय नाही का? लहानपणी विहिरीच्या काठावर चढलं की आई हेच ओरडायची, ते या माणसाने पुढे सबंध कारखान्यावर ओरडलं. कोणी चिमटा फिरवत चालला, भयं लेदा? कोणी प्रेसला टेकून बिडी पेटवली, भयं लेदा रे? पोरं त्यांना पाठीमागे 'भयंलेदा साहेब' म्हणत, आणि ते आले की बिडी विझवत.

नोकरी मला तरीही मिळाली, कारण शेटजींच्या मेव्हण्याच्या घरात मी भाडेकरू होतो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा समोर उभं केलं. "इचार केला का? कशाला भेता?"

"बायकोला," मी म्हणालो. वाटलं, हसतील.

ते गंभीर झाले. "चांगलं हाय. रागात आली की आधी बोलती का आधी गप बसती?"

"आधी गप बसते."

"हां. लोखंडाचं तसंच हाय," असं म्हणून त्यांनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. अशा रीतीने मी ड्रॉइंगला लागलो.

त्यांच्या सवयी सांगायच्या म्हणजे भीतीचे प्रकारच सांगावे लागतील. चहा बशीत ओतून त्यावर साय धरेपर्यंत ते हात लावत नसत. बसायचे ते पाठीला भिंत असेल तिथेच. शेडच्या दारातून कधी सरळ आत येत नसत. उंबऱ्याशी थांबायचे, मान थोडी कलती करायचे, ऐकायचे, मग पाय आत. आत आले की प्रेसच्या समोरून जायचे नाहीत, भिंतीकडून वळसा घालून जायचे. एक बाभळीची गुळगुळीत दांडी होती, तिचं एक टोक डायला लावून दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आतून वाहणारं पाणी त्यांना त्या दांडीतून ऐकू यायचं. गफूरभाई डोळा मारून विचारायचा, "क्या साब, लडका है या लडकी?" साहेब डोळे न उघडता म्हणायचे, "सर्दी हाय. पडसं झालंय तुझ्या डायला. आज साफ करा."

हे पडसं म्हणजे आमचं खारं पाणी. बोअरचं पाणी तापलं की भोकांच्या आतून पांढरा थर धरायचा, घरच्या बंबाच्या तळाला बसतो तसा. थर जाड झाला की पाण्याची वाट अरुंद, आणि डाय आतल्या आत तापत राहणार. म्हणून साहेबांची सगळी भोकं सरळ असत, या तोंडातून सळई घातली की त्या तोंडातून निघाली पाहिजे. पुण्याहून आलेल्या एका सल्लागाराने त्यांना नागमोडी पाटाचं चित्र दाखवलं, त्याने म्हणे डाय सगळीकडून सारखी निवते. साहेबांनी चित्र उलटंसुलटं पाहिलं. "छान हाय. तुमच्याकडं नदीचं पाणी असंल. आमच्या पाण्यात मीठ टाकायची गरज पडत न्हाई. ज्या भोकात सळई जात न्हाई ते भोक माझं न्हाई."

अशा माणसाने पहिल्याच महिन्यात एका डायची पाण्याची वाट आखायचं काम माझ्यावर सोपवलं, यात त्यांची हिंमत दिसते. लांब भोक होतं, अर्धं या बाजूने पाडायचं आणि अर्धं त्या बाजूने. मी एका बाजूची मापं वरच्या कडेपासून घेतली आणि दुसऱ्या बाजूची खालच्या. कारागिराने मी आखलं तसं इमानदारीत पाडलं. दोन्ही बाजूंनी बोगदा खणत आलेले दोन मजूर डोंगराच्या पोटात एकमेकांना चुकवून पुढे निघून जावेत, तसं झालं. बघायला म्हणून मी तोंडात नळी लावून पाणी सोडलं. ते ज्या तोंडाने आत गेलं त्याच तोंडाने परत आलं, थेट माझ्या पँटवर. सगळं शेड हसून लोटपोट. "पांचाळ म्हणवतो आणि लोखंडात रस्ता सापडना!" आमची जात लोहाराची, त्यामुळे हे टोमणे आजोबांपर्यंत पोचत होते.

साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. उलट्या घातलेल्या डब्यावर बसले आणि म्हणाले, "बरं झालं, पार चुकलं."

"बरं झालं?"

"अर्धं भेटलं असतं तर? नुसती कडेला कड लागली असती तर? पाणी आलं असतं, दिसलं असतं, मी म्हनलो असतो झकास. आन आतून डाय शिजत राहिली असती, आन म्होरं गफूर उभा." त्यांनी रुमालाने मान पुसली. "पुरती चूक परवडती पांचाळ. अर्धी चूक मानूस मारती."

त्या दिवसापासून मी झोपेतही दोन भोकं एकमेकांना शोधताना बघू लागलो.

शेटजींचं आणि साहेबांचं मात्र जमायचं नाही. शेटजी दुष्ट नव्हते, घाईत होते. त्यांचा पहिला राग होता तो तोटीच्या शेपटाचा. साहेबांनी प्रत्येक डायला मागच्या अंगाला, म्हणजे गफूरभाईच्या विरुद्ध बाजूला, साच्यापासून भिंतीच्या दिशेने एक चर कोरून ठेवली होती. तुकडा दाबला की थोडं पितळ त्या चरीत घुसायचं आणि तोटीला मागे शेपूट यायचं. ते मग कानशीने काढत बसावं लागायचं.

"वाघमारे, तोटी करायलोत का उंदीर?" शेटजी विचारायचे. "काढा की ती चर."

"पळवाट हाय ती."

"कोणाची?"

"ज्याला पळायचं आसंल त्याची," एवढंच बोलून साहेब दांडी कानाला लावायचे.

दुसरा राग पाण्याचा. टाकी उंचावर, तिथून पाणी नळीने डायमध्ये उतरायचं, डाय निववून बाहेर यायचं, आणि खालच्या हौदात जायच्या आधी हातभर उंचीवरून एका उघड्या नरसाळ्यात पडायचं. हौदातून पंप ते पुन्हा टाकीत चढवायचा. टाकीकडून डायला येणाऱ्या नळीवरची तोटी नरसाळ्याशेजारीच होती. पाणी तेच, फिरून फिरून तेच. नळी सरळ हौदाला जोडता आली असती, पण साहेबांना ते मंजूर नव्हतं. पडणारी धार प्रेसवाल्याला दिसली पाहिजे. धार आहे म्हणजे डायच्या पोटात पाणी आहे. धार गेली की हात थांबला पाहिजे. गफूरला ऐकू येत नाही, पण दिसतं तर!

आता बाहेर काय चाललं होतं ते आठवा. टँकर आला की घागरींवर घागरी आपटत होत्या. बायका रात्र रात्र नंबर लावून बसत होत्या. आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आमच्या उघड्या शेडात दिवसभर मनगटाएवढी धार पडताना दिसायची. लोक फाटकाशी उभे राहून बघत. एक म्हातारी तर हात जोडून गेली. शेटजी हादरले. "वाघमारे, लोकं दगडं मारतेल. झाका ते."

"रस्त्याच्या अंगानं झाका. गफूरच्या अंगानं न्हाई."

तसा बाहेरच्या बाजूने तुराट्यांचा एक तट्टा लागला. पुढे साहेब पोलाद बघायला दोन दिवस नांदेडला गेले आणि त्यांच्या माघारी शेटजींनी तो तट्टा चारी बाजूंनी करून घेतला. वरच्या दोऱ्या बांधायला मला चढवलं होतं. बांधता बांधता मी नरसाळ्यातच पडलो, आणि सबंध दुष्काळात पोटभर अंघोळ झालेला लातुरातला एकमेव मध्यमवर्गीय माणूस ठरलो. त्या हसण्याच्या भरात, आता गफूरभाईला धार दिसत नाही, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार. ऊन असं की पत्रे कडकड वाजत होते. जेवणाची सुट्टी झाली. आमच्याकडे झाडलोट करणारी, माठ भरून ठेवणारी कौसाबाई तेवढ्यात बाहेरून आली. टँकरवर भांडून आली होती. पदर फाटलेला, घागर निम्मीच भरलेली, डोळ्यांत पाणी. केर काढता काढता ती तट्ट्याच्या आत शिरली. प्रेस बंद, माणूस कोणी नाही, आणि धबधबा पाणी पडतंय.

तिने तोटी बंद केली.

कोणी लातूरची बाई त्या उन्हाळ्यात दुसरं काय करणार होती? माझ्या बायकोने तेच केलं असतं. माझ्या आईने तर बंद करून वर मला एक ठेवून दिली असती. पाणी फिरून तेच येतं, हे कौसाबाईला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

जेवण झालं, गफूरभाई प्रेसवर आला, तुकडे पडायला लागले, तोट्या निघायला लागल्या. मी त्याच्या मागे उभा राहून मोजदाद करत होतो. तोट्यांची नाकं जरा फेंदारली दिसत होती. उन्हाने असेल असं मी ठरवलं. माझ्या तर्कशास्त्रात उन्हाला फार मान आहे.

आणि दारात साहेब उभे राहिले. नांदेडच्या एसटीतून उतरून थेट आलेले, काखेत पिशवी. नेहमीसारखे उंबऱ्याशी थांबले. मान कलती केली. आणि मी त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना पाहिला. प्रेस वाजत होता, भट्टी घोंघावत होती, पण त्या सगळ्याखालून जो एक आवाज यायला हवा तो येत नव्हता.

"पाणी," ते म्हणाले. मग ओरडले, "पाणी कुठंय? पाणी कोन बंद केलं?"

कौसाबाईच्या हातातून खराटा पडला. "म्या केलं साहेब, म्या केलं, वाया चाललं व्हतं. थांबा, सोडते." आणि ती तट्ट्याकडे धावली.

आता चांगलं आठवा, साहेबांनी काय शिकवलं होतं. आग झालेल्या डायमध्ये एकदम गार पाणी सोडलं तर काय होतं? ती तडकते, हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. साहेबांनी हात वर केला. "नको अक्का, नको, नको…" ते माझ्यापर्यंतही नीट पोचलं नाही. वर केलेला हात तसाच. ज्या क्षणाला हा माणूस रोज भ्याला होता तो क्षण आला, आणि त्याचा एक पायही हलला नाही.

तट्ट्याआड तोटी फिरली. नळी फुरफुरली. आणि डायच्या पोटातून 'टण्ण' असा एक छोटा, स्वच्छ आवाज आला, देवळातली घंटा एकदाच वाजावी तसा.

सगळ्यांना तो ऐकू आला, एका माणसाला सोडून. गफूरभाईने शांतपणे लाल तुकडा डायवर ठेवला, एक पाऊल मागे सरला आणि खटका ओढला.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. स्फोट ऐकला असं म्हणवत नाही, तो छातीत बसला. पांढऱ्या वाफेने शेड भरलं. पत्र्यावरून धूळ कोसळली. कोणीतरी "माय गं माय" करत होतं, तो मीच होतो. हातभर पुढचं दिसेना. मी पुढे जायला हवं होतं, पण वाफेत पाऊल टाकलं तर काय सापडेल या विचाराने माझे पाय उंबऱ्याकडे वळले. तिथे साहेब खाली बसलेले, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून.

"गफूर?" ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

वाफेतून खोकल्याचा आवाज आला. मग गफूरभाई बाहेर आला. केसांवर, दाढीवर धूळ, हातात चिमटा, चेहऱ्यावर आश्चर्य. "या अल्ला. आज तो मेरेकू प्रेस का आवाज सुनाई दिया!"

"हाय साहेब," मी म्हणालो, "उभा हाय."

"हात?"

"दोन्ही हायेत."

"बोटं मोज."

मी खरंच गेलो आणि गफूरभाईची बोटं मोजली. तो मला वेडा समजून हसत होता. मग मागे वळून त्याने प्रेसपलीकडची भिंत पाहिली आणि हसणं थांबलं. वाफ निवळत होती. चरीच्या नेमकं समोर, भिंतीच्या विटांत एक मूठ जाईल एवढं भगदाड पडलं होतं, आणि त्याच्या तळाशी पितळेचा चपटा गोळा रुतून अजून लाल होता. गफूरभाई तिथेच बसला.

शेटजी आले ते आधी गफूरभाईला चाचपून बघत आले, आणि नंतर त्यांचा राग कौसाबाईवर निघाला. "हिला हाकला. हिच्यापायी मानूस मेलं असतं आज."

कौसाबाई कोपऱ्यात पदराने तोंड दाबून बसली होती. साहेब उठले. भिंत धरून.

"तिची चूक न्हाई."

"मग कोनाची? तोटी बंद कोन केली?"

"दुष्काळात बाईनं तोटी बंद केली. त्यात चूक काय हाय? तुमची आई आसती तर ती बी केली आसती." त्यांनी गफूरभाईकडे पाहिलं. "म्या लोखंडाला भ्यालो. इस्तवाला भ्यालो, पाण्याला भ्यालो, खाऱ्या थराला भ्यालो, तुमच्या घाईला भ्यालो. आन मानूस चांगला वागंल, ह्याचं भ्या धरायचं राहून गेलं माझ्याकून."

कौसाबाई कामावर राहिली. तट्टा मात्र साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातांनी तोडला, आणि तो तोडताना त्यांनी तेलुगूत जे काय म्हटलं ते काळजीचं नव्हतं.

मग साहेबांनी नवी डाय आखायला घेतली. चित्र काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. मध्येच उठून गफूरभाईच्या जागेवर जायचे, पण तिथे उभे राहायचे नाहीत, शेजारून बघायचे. भोकं साच्यापासून आणखी लांब नेली. ती मीच आखली आणि त्यांनी तीनदा तपासली. पाण्याच्या नळीवरच्या तोटीचा दांडा काढून टाकला, आता ती पान्याशिवाय फिरत नव्हती. आणि एक दिवस त्यांनी कौसाबाईला दुकानातून कपड्यांना घालायची नीळ आणायला पाठवलं. सगळी पुडी हौदात ओतली. टाकीतून, डायमधून, नरसाळ्यातून निळंशार पाणी पडायला लागलं.

"आता बघ अक्का," ते म्हणाले. "पिशील का हे?"

"इश्श! हे कोन पितंय?"

"बंद करशील?"

"कशाला करू? मरू दे तिकडं."

साहेब बऱ्याच दिवसांनी हसले. "आमच्या मायच्या भाषेत पाण्याला नीळ्ळू म्हनत्यात. ती आता खरी झाली." शेटजींनी दारातून निळी धार पाहिली, साहेबांकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि भिंतीतल्या भगदाडाकडे बघून मिटलं. लोकही फाटकाशी थांबेनासे झाले. निळ्या पाण्याची कोणाला हळहळ वाटत नाही.

डाय प्रेसवर चढली त्या सकाळी गफूरभाई आला नाही असं झालं नाही. आला. चिमटा उचलला, लाल तुकडा धरला, प्रेससमोर उभा राहिला, आणि त्याचा हात खाली येईना. तुकडा चिमट्यात काळा पडला. दुसरा घेतला, तोही काळा पडला. कोणी हसलं नाही.

साहेब भिंतीकडून वळसा घालून आले. त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. "सरक. पहिली मी काढतो."

"साब, आपकू आता क्या?"

"न्हाई येत. सरक." मग आमच्याकडे वळून, "सगळे भायेर. पांचाळ, तुमी बी. भिंतीच्या मागं."

मी म्हणालो, मी थांबतो. माझ्या आवाजात इतका दम नव्हता की कोणी तो मनावर घ्यावा, आणि त्यांनी घेतलाही नाही. आम्ही सगळे भिंतीमागे गेलो. दाराच्या पत्र्यातल्या एका फटीला मी डोळा लावला, माझ्या खाली गफूरभाईने लावला, त्याच्या खाली कौसाबाईने.

त्यानंतर कधीतरी साहेब देगलूरला परत गेले, मग धर्माबादला कुठल्याशा कारखान्यात लागल्याचं ऐकलं. एकदोनदा निरोप आले, गाठ पडली नाही. मला ते दिसतात ते त्या फटीतून दिसले तेवढेच. पाठमोरे, प्रेसच्या अगदी समोर. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. खाकी पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली लटलट कापत होते, इतके की चपलेचा अंगठा फरशीवर टकटक वाजत होता. चिमट्यातला लाल तुकडा हवेत गिरक्या घेत कसाबसा डायवर टेकला. त्यांनी डोळे मिटले असणार, कारण मान खाली गेली. खटका ओढला.

तोटी निघाली. वाकडी बसली होती, पण तोटी होती.

"निकली!" गफूरभाई माझ्या कानाशी ओरडला. "साब, निकली! बस झालं, या भायेर! मैं आतूं!"

साहेबांनी मागे पाहिलं नाही. दुसरा तुकडा उचलला. मग तिसरा. भट्टीचा उजेड त्यांच्या अंगावर येत होता, बाजूला निळी धार पडत होती, पाय तसेच कापत होते, आणि ते एकामागून एक तुकडे ठेवत राहिले. आम्ही मोजणं सोडून दिलं.

"साहेब," मी फटीतून हाक मारली. "या आता. चांगली चालली की डाय."

"गार डाय चांगलीच चालती," ते प्रेसकडे तोंड करूनच म्हणाले. "आजून तापली न्हाई. भिंतीमागं थांबा."